पुनर्विकासासाठी बिल्डर निवडताना...

कांदिवली पश्चिमेला महावीर नगर, डहाणूकरवाडी किंवा चारकोपच्या परिसरातून फेरफटका मारला, तर चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी बांधलेल्या तीन-चार मजली इमारती आणि त्यांच्या शेजारीच उभ्या राहिलेल्या उंच मनोऱ्यांचे दृश्य सर्रास दिसते. गळके छत, पडलेले प्लॅस्टर, लिफ्टअभावी जिने चढताना दमणारे ज्येष्ठ सभासद आणि मोटारींना न पुरणारे आवार या कारणांनी एकामागून एक गृहनिर्माण संस्था पुनर्विकासाचा मार्ग स्वीकारत आहेत. मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आयुष्यात स्वतःचे घर 'बांधून घेण्याची' वेळ शहरात बहुधा याच एका प्रसंगी येते. त्या वेळी सर्वसाधारण सभेत सर्वप्रथम जो प्रश्न विचारला जातो तो मात्र ठरलेला असतो : वाढीव जागा किती टक्के देणार?

प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु बिल्डर निवडण्याची कसोटी म्हणून तो अपुरा आहे, आणि प्रसंगी घातकही. जो सर्वाधिक जागा देऊ करतो तो ती कोठून देणार, याचा हिशेब सभासदांनी स्वतः मांडून पाहिला पाहिजे.

समजा, एका संस्थेत २४ सदनिका आहेत आणि प्रत्येकीचे कार्पेट क्षेत्र ३७० चौरस फूट आहे. एक विकासक ३५ टक्के वाढीव जागा देतो, दुसरा ५० टक्के. पहिल्याच्या प्रस्तावात प्रत्येकाला सुमारे ५०० चौरस फूट मिळतात, दुसऱ्याच्या प्रस्तावात ५५५. सभासदाच्या दृष्टीने फरक ५५ फुटांचा, म्हणजे एका लहान खोलीचा. विकासकाच्या दृष्टीने मात्र हा फरक सुमारे १,३३० फुटांचा आहे. विक्रीचा दर फुटाला २५ हजार रुपये धरला, तर तीन कोटी ३० लाखांहून अधिक रक्कम त्याच्या हातून जाते. आता भाडे पाहा. २४ कुटुंबांना दरमहा ३० हजार रुपयांप्रमाणे तीन वर्षे भाडे द्यायचे, तर दोन कोटी ६० लाखांच्या आसपास खर्च येतो. काम एक वर्ष रेंगाळले की त्यात आणखी ८६ लाखांची भर पडते. विक्रीची घरे वेळेत खपली नाहीत, तर पैशाची ओढाताण सुरू होते. आणि तशी ती सुरू झाली की सर्वांत आधी काय थांबते? सभासदांचे भाडे. बँकेचा हप्ता चुकवल्यास बँक मागे लागते, सिमेंटवाल्याला पैसे न दिल्यास काम थांबते; विखुरलेले सभासद मात्र पत्र लिहितात आणि वाट पाहतात.

याचे टोकाचे उदाहरण कांदिवलीपासून रेल्वेने अवघ्या दोन स्थानकांवर आहे. गोरेगावच्या सिद्धार्थ नगरमधील पत्राचाळीतल्या ६७२ कुटुंबांच्या पुनर्वसनासाठी २००८ मध्ये म्हाडा, रहिवाशांची संस्था आणि विकासक यांच्यात त्रिपक्षीय करार झाला. रहिवाशांनी घरे रिकामी केली. पुढे भाडे बंद झाले, पुनर्वसनाच्या इमारती अर्धवट राहिल्या, आणि विक्रीयोग्य क्षेत्र मात्र इतर विकासकांना विकले गेले होते. २०१८ मध्ये म्हाडाने विकासकाला दूर केले आणि नंतर काम स्वतः हाती घेतले. पन्नाशीत घर सोडलेले रहिवासी तोवर साठी ओलांडून गेले होते. तेथे कमी पडली ती जागेची टक्केवारी नव्हे.

म्हणूनच निवडीचे काम जाहिरात देण्याच्या बरेच आधी सुरू होते. संस्थेच्या नावे जमिनीचे अभिहस्तांतरण झालेले आहे का, हा पहिला मुद्दा. उपनगरांतील कित्येक संस्थांच्या जमिनी आजही मूळ मालकाच्या किंवा जुन्या बिल्डरच्या नावावर आहेत. मोफा कायद्यातील मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद अशांसाठीच आहे. हे काम विकासकावर सोपवणे सोयीचे वाटते, पण जमिनीवरचा हक्क सिद्ध नसताना वाटाघाटीला बसलेली संस्था दुबळीच असते. दुसरा मुद्दा भूखंडावर नेमके किती बांधकाम होऊ शकते हा. मुंबईच्या २०३४ च्या विकास नियंत्रण नियमावलीनुसार उपनगरांत मिळणारा एकूण चटईक्षेत्र निर्देशांक समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर अवलंबून असतो. त्यामुळे मुख्य रस्त्यावरच्या संस्थेला जे मिळाले ते आतल्या गल्लीतल्या संस्थेला मिळेलच असे नाही. चारकोपसारख्या म्हाडाच्या अभिन्यासात नियमच वेगळा लागू होतो. कांदिवली पूर्वेला लष्कराच्या सीओडी आगारालगतच्या इमारतींपुढे संरक्षण खात्याच्या ना हरकत दाखल्याचा प्रश्न आहे. 'शेजारच्यांना मिळाले, मग आपल्याला का नाही?' या वाक्यावर सभा तापतात. उत्तर बहुतेक वेळा नकाशात असते.

हा हिशेब मांडण्यासाठी संस्थेने स्वतःचा प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार, म्हणजेच पीएमसी, नेमायचा असतो. त्याचे शुल्क पुढे विकासकाने भरावे, अशी पद्धत पडली आहे. ज्याच्या कामावर देखरेख करायची त्याच्याच हातून मानधन घेणारा सल्लागार कोणाचा, हे वेगळे सांगायला नको. निदान विकासकाची निवड होऊन करार होईपर्यंतचे शुल्क संस्थेने आपल्या निधीतून द्यावे.

निवडीची रीत राज्य सरकारने घालून दिली आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९-अ अन्वये ३ जानेवारी २००९ रोजी निर्देश काढण्यात आले आणि ४ जुलै २०१९ रोजी ते सुधारण्यात आले. निविदा मागवणे, त्या सभासदांसमोर उघडणे, विकासकाच्या निवडीसाठी निबंधकांच्या प्रतिनिधीच्या उपस्थितीत विशेष सभा घेणे, तिचे चित्रीकरण करणे असे हे टप्पे आहेत. सुधारित निर्देशांनुसार या सभेला दोन तृतीयांश गणसंख्या आणि एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्के सभासदांची संमती लागते. समिती सदस्यांच्या नातेवाइकाला विकासक म्हणून नेमता येत नाही. हे निर्देश बंधनकारक नसून मार्गदर्शक आहेत, असे उच्च न्यायालयाने म्हटले आहे. तरीही जी समिती ही पायरी टाळू पाहते तिला सभासदांनी कारण विचारायलाच हवे.

रीत पाळली म्हणून माणूस पारखला गेला असे होत नाही. सभेत दाखवली जाणारी चकचकीत पुस्तिका समूहाची असते. करारावर सही करणारी संस्था बहुधा त्याच प्रकल्पासाठी नुकतीच स्थापन झालेली एलएलपी असते. वीस वर्षांचा अनुभव एकाचा आणि जबाबदारी दुसऱ्याची, असा हा प्रकार आहे. म्हणून करार करणारी संस्था कोणती, तिचे भागीदार कोण, आणि मूळ कंपनी लेखी हमी देणार आहे का, हे निविदेच्या पातळीवरच विचारावे. कंपनीवर कर्जाचा किती बोजा आहे, हे कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर पाहता येते. महारेराच्या संकेतस्थळावर विकासकाच्या अन्य प्रकल्पांची मूळ पूर्णत्वाची तारीख, ती किती वेळा पुढे ढकलली गेली, तक्रारी व दावे यांची नोंद असते. तासाभराच्या या वाचनातून जे कळते ते दहा सादरीकरणांतून कळत नाही.

त्याहून अधिक कळते ते प्रत्यक्ष भेटीतून. मात्र भेट विक्रीच्या नमुना सदनिकेला देऊ नये. विकासकाने पूर्वी पुनर्विकास केलेल्या संस्थेत जावे, तेही त्याच्या प्रतिनिधीला बरोबर न घेता, आणि तेथील सचिवांशी बोलावे. भाडे दर महिन्याला येत होते की शेवटच्या वर्षी अडखळले? ताबा मिळाला तेव्हा भोगवटा प्रमाणपत्र हाती होते का? ते नसेल तर पालिकेची पाणीपट्टी जादा दराने भरावी लागते, आणि 'महिन्याभरात येईल' म्हटलेले प्रमाणपत्र वर्षानुवर्षे येत नाही. पहिल्या पावसाळ्यात भिंती ओलावल्या तेव्हा फोन कोणी उचलला? या प्रश्नांना सचिव ज्या स्वरात उत्तर देतात तो स्वरही ऐकण्यासारखा असतो.

निविदांची तुलना करताना 'कार्पेट' या शब्दापाशी थांबावे. रेरा कायद्याच्या व्याख्येत घराच्या आतील भिंतींची जाडी कार्पेटमध्ये धरली जाते. बाहेरील भिंती, बाल्कनी व गच्ची धरली जात नाही. जुन्या सदनिकेचे मोजमाप मात्र बहुधा भिंती वगळून केलेले असते. जुने क्षेत्र एका मापाने आणि नवे दुसऱ्या मापाने मोजले, की एक वीटही न वाढवता टक्केवारी वाढते. तेव्हा सर्व विकासकांकडून एकाच व्याख्येनुसार आकडे आणि आतील मापे लिहिलेला आराखडा मागवणे हाच उपाय.

रेराविषयी एक गैरसमजही दूर व्हायला हवा. प्रकल्प नोंदणीकृत असला म्हणजे आपण सुरक्षित, असे मूळ सभासद मानतात. प्रत्यक्षात नोंदणी असते ती विक्रीच्या भागाची. विकासकाकडून घर विकत घेणारा ग्राहक आणि जुन्या घराच्या बदल्यात घर मिळवणारा सभासद यांना साधारणतः एकच संरक्षण नाही. सभासदाचे खरे कवच म्हणजे त्याचा करार. बांधकामातील दोषांचेच पाहा. रेरा कायद्यात ग्राहकासाठी पाच वर्षांची दोष-जबाबदारी आहे. स्वतःचे घर बांधून घेण्याची चाल जेथे आजही आहे त्या जपानमध्ये २००० सालापासून नव्या घराच्या मुख्य सांगाड्यासाठी बिल्डरवर दहा वर्षांची जबाबदारी आहे. २००५ मध्ये तेथे भूकंपरोधक रचनेच्या खोट्या हिशेबांचे प्रकरण उघडकीस आले. बिल्डरच बुडाला तर दाद कोणाकडे मागायची, हा प्रश्न त्यातून उभा राहिला, आणि २००९ पासून बिल्डरांना विमा उतरवणे किंवा अनामत ठेवणे सक्तीचे झाले. आपल्याकडच्या सभासदाने दोषांची जबाबदारी, तिची मुदत आणि तीसाठी राखून ठेवायची रक्कम विकास करारातच लिहून घेतलेली बरी.

त्याच करारात आणखी तीन गोष्टी तपासाव्यात. प्रकल्प खर्चाच्या २० टक्के बँक हमी निर्देशांत सांगितली आहे. वाटाघाटीत ती घटवण्याचा आग्रह हमखास होतो, आणि बिल्डरची आर्थिक ताकद नेमकी तेथे उघडी पडते. कर्ज काढताना विकासकाने केवळ विक्रीचा भाग गहाण ठेवावा, सभासदांच्या सदनिका व जमीन नव्हे. आणि सर्व मंजुऱ्या हाती येऊन प्रत्येक सभासदाचा पर्यायी निवासाचा करार नोंदणीकृत झाल्याशिवाय कोणीही चावी देऊ नये. घर रिकामे करण्याच्या आदल्या दिवसापर्यंत संस्थेचा शब्द चालतो. दुसऱ्या दिवसापासून विकासकाचा.

बिल्डरच नको, असेही काही संस्था म्हणतात. स्वयंपुनर्विकासाला राज्य सरकारने १३ सप्टेंबर २०१९ च्या निर्णयाने सवलती दिल्या. मुंबई जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने त्यासाठी कर्ज देण्याचे धोरण आखले, आणि चारकोपमधील काही संस्थांनी हा मार्ग धरला. चारकोपला ही गोष्ट अगदीच नवी नाही. १९८५ नंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने येथे लहान भूखंड व नागरी सुविधा पुरवण्यात आल्या आणि घर ज्याचे त्याने, आपापला मिस्त्री शोधून बांधले. मात्र स्वयंपुनर्विकासातही निवड टळत नाही. नफा संस्थेचा होतो, तशी जोखीमही संस्थेची होते, आणि विकासकाऐवजी कंत्राटदार पारखावा लागतो. त्याचे पैसे कामाच्या टप्प्यांनुसार, वास्तुविशारदाच्या दाखल्यानंतरच द्यायचे आणि प्रत्येक बिलातून काही रक्कम अनामत म्हणून रोखून धरायची असते. ती रक्कम एक पावसाळा कोरडा गेल्यावर सोडावी.