पाल्याचें नांव शाळेंत घालतांना

जून महिना उजाडला, पावसाचे चार थेंब पडले, कीं घरोघर एक निराळीच लगबग सुरू होते. कोणाच्या तरी मुलाचें नांव शाळेंत घालावयाचें असतें. ‘शाळेंत नांव घालणें’ हा मराठींतला रूढ प्रयोग मोठा मार्मिक आहे. मूल वर्गांत जाऊन बसतें तें नंतर. आधीं शाळेंत जातें तें त्याचें नांव. तें शाळेच्या जनरल रजिस्टरांत एका ओळींत लिहिलें जातें, त्या ओळीला क्रमांक पडतो, आणि तेथून ती ओळ त्या मुलाची पाठ सहसा सोडीत नाहीं. शाळा सोडल्याचा दाखला ही त्या ओळीचीच नक्कल. शालांत परीक्षेचें प्रमाणपत्र त्या नोंदीवरून तयार होतें, नोकरींतलें सेवापुस्तक त्या प्रमाणपत्रावरून लिहिलें जातें, आणि सेवानिवृत्तीची तारीख सेवापुस्तकावरून ठरते. पांच मिनिटांत उरकलेल्या कामाचे पडसाद असे पन्नास वर्षें उमटत राहतात.

यांतला सर्वांत नाजूक रकाना जन्मतारखेचा. महाराष्ट्रांतील वडीलधाऱ्या मंडळींत १ जून ही जन्मतारीख इतक्या जणांची निघते कीं परक्या माणसाला नवल वाटावें. त्यांत ग्रहयोगाचा भाग कांहीं नाहीं. आईला जन्माची खूण ठाऊक असे ती ‘पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं’ किंवा ‘मोठा पूर आला त्या सालीं’ अशी. इंग्रजी तारीख कोण सांगणार? मग गुरुजी मुलाला डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरावयास सांगत. कान हातीं लागला म्हणजे मूल सहा वर्षांचें झालें असें समजावयाचें, आणि शाळेचें वर्ष जूनमध्यें सुरू होत असल्यामुळें जूनची पहिली तारीख लिहून मोकळें व्हावयाचें. सरकारी नियमाप्रमाणें ज्याचा जन्म महिन्याच्या पहिल्या तारखेचा असेल तो आधींच्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. म्हणून ३१ मे या दिवशीं राज्यांतील किती तरी कचेऱ्यांत एकाच वेळीं निरोपसमारंभ होतात. गुरुजींच्या त्या एका टांकाच्या फटकाऱ्याचा हा परिणाम!

हा केवळ थट्टेचा विषय नाहीं. एकदां नोंदलेली तारीख बदलणें फार कठीण असतें. महाराष्ट्र शासनाच्या १९८१ च्या सेवाशर्तींच्या नियमांप्रमाणें जन्मतारखेच्या दुरुस्तीचा अर्ज नोकरींत शिरल्यापासून पांच वर्षांच्या आंत करावा लागतो; निवृत्ति जवळ आल्यावर जागे होणाऱ्यांची दाद सहसा लागत नाहीं. २०१२ सालीं देशाच्या सेनाप्रमुखांच्या जन्मसालाचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. विद्यार्थिदशेंत प्रबोधिनीच्या प्रवेशासाठीं भरलेल्या अर्जांत १९५० साल पडलें होतें, शालांत प्रमाणपत्रावर १९५१ होतें. एवढ्या मोठ्या अधिकारपदावरील माणसालाहि तो घोळ निस्तरतां आला नाहीं. मग सामान्य माणसाची काय कथा?

आतां जन्माची नोंद एकवीस दिवसांच्या आंत करावयाची असते, आणि पहिला दाखला विनामूल्य मिळतो. २०२३ सालीं या कायद्यांत महत्त्वाचा पालट झाला. १ ऑक्टोबर २०२३ पासून पुढें जन्मलेल्या मुलांच्या बाबतींत जन्मतारखेचा पुरावा म्हणून केवळ जन्मदाखलाच ग्राह्य धरला जाणार आहे. त्यांच्यापैकीं पहिलीं मुलें २०२९ च्या सुमारास पहिलीच्या वर्गांत येतील. ज्या घरांत नोंद करावयाची राहून गेली असेल, तेथें ती आतांच केलेली बरी. कारण वर्ष उलटलें कीं दंडाधिकाऱ्यांच्या आदेशावांचून ती होत नाहीं. मात्र येथें एक गोष्ट पक्की लक्षांत ठेवावयाची ती ही, कीं वयाचा दाखला नाहीं एवढ्याच कारणावरून कोणत्याहि मुलाला प्राथमिक शाळेंत प्रवेश नाकारतां येत नाहीं. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या चौदाव्या कलमांत तसें स्पष्ट म्हटलें आहे. आधार क्रमांकाची गोष्टहि तशीच: तो नसल्यास प्रवेश अडवूं नये, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं ठरविलें.

नांवाच्या रकान्यालाहि इतिहास आहे. सातारच्या सरकारी शाळेच्या रजिस्टरांत ७ नोव्हेंबर १९०० या दिवशीं १९१४ क्रमांकापुढें ‘भिवा रामजी आंबेडकर’ असें नांव लिहिलें गेलें. घराण्याचें आडनांव सकपाळ. आंबडवे या गांवावरून आलेलें नांव शाळेंत रुळलें आणि पुढें जगाला तेंच ठाऊक झालें. तो दिवस महाराष्ट्रांत २०१७ पासून विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. हें नांव वहींत शिरलें खरें, परंतु त्या मुलाला वर्गांत इतरांपासून वेगळेंच बसावें लागे. त्याच्याहि आधीं, १८५६ सालीं, धारवाडच्या सरकारी शाळेंत एका महार मुलानें प्रवेश मागितला, तेव्हां मुंबई सरकारनें तो दिला नव्हता. कंपनीच्या संचालकांनीं पुढें सरकारी शाळा सर्व वर्गांना खुल्या असाव्यात असें कळविलें. पण कागदावरचा हुकूम शाळेच्या उंबरठ्यापर्यंत पोंचावयाला कितीतरी वर्षें गेलीं.

काळाचा उलट फेरा असा, कीं ज्या जातीच्या रकान्यानें एके काळीं दार बंद केलें, तोच आज दार उघडण्याच्या कामीं येतो. जातीच्या दाखल्याच्या पडताळणींत आजोबा-पणजोबांच्या शाळेंतील नोंदीला मोठें वजन असतें. महाराष्ट्रांत अनुसूचित जातींसाठीं १९५० पूर्वींचा, विमुक्त व भटक्या जमातींसाठीं १९६१ पूर्वींचा आणि इतर मागासवर्गीयांसाठीं १९६७ पूर्वींचा पुरावा पाहतात. म्हणून नातवाच्या प्रवेशासाठीं आजोबांच्या गांवच्या शाळेंत जाऊन जुनें, कसर लागलेलें रजिस्टर चाळणारीं माणसें दिसतात. ज्या घरांतलें कोणीच त्या काळीं शाळेंत गेलें नाहीं, त्या घराची अडचण मात्र खरोखर कठीण आहे. जें शिक्षण नाकारलें गेलें, त्याच्याच अभावाचा भुर्दंड तिसऱ्या पिढीला पडतो.

आईचें नांव फार काळ या ओळींत दुय्यम होतें. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकांच्या बाबतींत महाराष्ट्र शासनानें क्रम ठरवून दिला आहे: बालकाचें नांव, मग आईचें, मग वडिलांचें, आणि शेवटीं आडनांव.

मूल शाळेंत घालणें ही पालकाची मर्जी कीं कर्तव्य, हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीं मोठ्या वादाचा होता. बडोद्यास सयाजीराव महाराजांनीं १८९३ मध्यें अमरेली भागांत प्रयोग करून १९०६ मध्यें सर्व संस्थानांत शिक्षण सक्तीचें केलें. १९११ मध्यें गोखल्यांनीं मध्यवर्ती कौन्सिलांत विधेयक आणलें, तें नामंजूर झालें. शाहू महाराजांनीं १९१७ मध्यें कोल्हापुरांत मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हुकूम काढला, आणि मूल न पाठविणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेविला. आजच्या कायद्यांतहि पालकाचें कर्तव्य सांगितलें आहे, पण दंड पालकाला नाहीं. प्रवेशासाठीं देणगी उकळणाऱ्या शाळेला त्या रकमेच्या दहापटीपर्यंत दंड आहे. मुलाची किंवा आईबापांची परीक्षा घेतली, तर पहिल्या वेळीं पंचवीस हजारांपर्यंत. तीन-चार वर्षांच्या पोराला मुलाखतीसाठीं पढविणाऱ्या आईबापांनीं हें कलम एकदां वाचावें. खाजगी शाळांतील पंचवीस टक्के जागा दुर्बळ व वंचित घटकांसाठीं राखलेल्या असतात. सरकारी शाळा जवळ असल्यास खाजगी शाळांना त्यांतून सूट देणारा राज्याचा नियम मुंबई उच्च न्यायालयानें २०२४ मध्यें रद्द केला.

आणि पालक म्हणजे केवळ जन्मदाते नव्हेत. ज्याच्या सांभाळांत मूल आहे तोहि कायद्याच्या दृष्टीनें पालकच. बीड जिल्ह्यांतील ऊसतोड मजूर दसरा-दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड गाडीवर घालून साखर कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मागें राहिलेल्या मुलांचें नांव घालावयाला आजी येते, चुलता येतो. आईबाप हजर नाहींत म्हणून त्यांना परत पाठविणें गैर आहे. जीं मुलें आईबापांबरोबर फडावर जातात, त्यांच्यासाठीं शिक्षण हमी पत्रक देण्याची व्यवस्था आहे. तें दाखविलें म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेंत त्यांना बसतां येतें. शाळा सोडल्याचा दाखला यावयाला उशीर झाला, तरी तेवढ्यावरून नवी शाळा प्रवेश अडवूं शकत नाहीं. वर्षाच्या मध्येंच मूल आलें तरीहि त्याला घ्यावेंच लागतें, आणि जें कधींच शाळेंत गेलें नाहीं, त्याला त्याच्या वयाच्या वर्गांत बसवून मागची उणीव भरून काढण्याची जबाबदारी शाळेची.

प्रत्यक्ष नांव घालतांना पालकानें घाई करूं नये. जन्मदाखल्यावरचें नांव आणि अर्जावरचें नांव अक्षरशः एकच असावें. ‘श्रीकांत’ कीं ‘श्रीकान्त’, इंग्रजींत एक अक्षर जास्त कीं कमी, हें तेथेंच ठरवून घ्यावें. घरचें लाडकें नांव चुकून वहींत जाऊं देऊं नये; बाळू, बाई, छकुली हीं नांवें सेवापुस्तकापर्यंत पोंचलेलीं आहेत. लिहितां न येणाऱ्या पालकानें सही किंवा अंगठा करण्यापूर्वीं लिहिलेली ओळ मोठ्यानें वाचून दाखवावयास सांगावी; गुरुजी रागावत नाहींत. चूक आढळली तर मूल त्या शाळेंत आहे तोंवरच पुराव्यासह मुख्याध्यापकांकडे अर्ज द्यावा. मूल शाळा सोडून गेल्यावर उघड लेखनदोषापलीकडे त्या ओळींत सहसा हात घालूं देत नाहींत.