घर एकीकडे, बिऱ्हाड दुसरीकडे : गृहविम्यात हप्ता पाहावा की संरक्षण?

अमेरिकेत एका जागेवरून दुसऱ्या जागी हलविता येणाऱ्या घरांसाठी वेगळा विमा मिळतो. आपल्याकडे घर जागचे हलत नाही. हलतो तो घरमालक. पिंपरी-चाकणच्या वाहनउद्योगातील अनुभव गाठीशी बांधून हरियाणातील मानेसरला बदलून जाणारा मराठी अभियंता हे त्याचे ठळक उदाहरण. मारुती सुझुकी, होंडा यांसारख्या कारखान्यांमुळे भरभराटीस आलेल्या या औद्योगिक वसाहतीत तो भाड्याच्या सदनिकेत राहतो आणि पुण्यातील स्वतःच्या सदनिकेचे कर्जहप्ते फेडतो. अशा ग्राहकाने गृहविमा घेताना कोठे काटकसर करावी आणि कोठे करू नये, याचा विचार येथे करावयाचा आहे.

पहिला प्रश्न विमारकमेचा. घराची बाजारातील किंमत आणि ते पुन्हा बांधण्याचा खर्च या दोन भिन्न गोष्टी आहेत. सदनिकेच्या किमतीत जमिनीचा वाटा मोठा असतो आणि जमीन काही जळत नाही. समजा, ९०० चौरस फूट कार्पेट एरियाच्या सदनिकेची बाजारातील किंमत ९० लाख रुपये आहे. बांधकामाचा दर चौरस फुटास २,५०० रुपये धरला, तर पुनर्बांधणीचा खर्च २२ लाख ५० हजार रुपये होतो. विमा याच रकमेचा हवा. ९० लाखांचा विमा उतरविल्यास हप्ता चौपट होईल. दावा मात्र प्रत्यक्ष दुरुस्तीच्या वा पुनर्बांधणीच्या खर्चाइतकाच मिळेल. याउलट, हप्ता वाचविण्यासाठी विमारक्कम निम्म्यावर आणणेही धोक्याचे. पारंपरिक आगविम्यात अशा वेळी दावाही त्याच प्रमाणात कापला जात असे : २० लाखांच्या वास्तूचा विमा १० लाखांचा असेल आणि हानी ४ लाखांची झाली, तर हाती २ लाखच पडत.

१ एप्रिल २०२१ पासून विमा नियामक प्राधिकरणाने लागू केलेल्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित विमापत्रात ही कपात काढून टाकण्यात आली आहे. दाव्याची कमाल मर्यादा मात्र विमारकमेइतकीच राहते. आग, भूकंप, वादळ, पूर, दंगल, पाण्याची टाकी वा नळ फुटणे अशा आपत्तींचा त्यात समावेश आहे. वास्तूचा विमा घेतल्यास घरातील सर्वसाधारण सामानाला वास्तूच्या विमारकमेच्या २० टक्के, परंतु कमाल १० लाख रुपयांपर्यंत, संरक्षण आपोआप मिळते. वरील उदाहरणात ते साडेचार लाखांचे होईल. दागिने व मौल्यवान वस्तू यांसाठी मात्र निराळे, ऐच्छिक संरक्षण घ्यावे लागते.

बदलीवर गेलेल्या कुटुंबाने खरी सावधगिरी बाळगायची ती चोरीच्या कलमाबाबत. या विमापत्रात चोरीचा अंतर्भाव आहे खरा, परंतु विमाकृत आपत्तीनंतर सात दिवसांच्या आत आणि तिच्यामुळे झालेल्या चोरीपुरताच. पुण्यातील बंद सदनिकेचे कुलूप तोडून कोणी सामान नेले, तर त्यात दावा बसणार नाही. त्यासाठी घरफोडीचे संरक्षण स्वतंत्र घ्यावे लागते, आणि थोडा अधिक हप्ता येथे अवश्य मोजावा असे आमचे मत आहे. शिवाय घर तीस दिवसांहून अधिक काळ बंद राहिल्यास संरक्षण खंडित होण्याची अट पारंपरिक विमापत्रांत असे. म्हणून घर बंद ठेवण्यापूर्वी वा भाड्याने देण्यापूर्वी विमा कंपनीस लेखी कळवावे आणि तिचे उत्तर जपून ठेवावे.

मानेसरच्या भाड्याच्या घराचे गणित सोपे आहे. भिंती घरमालकाच्या, सामान आपले. तेव्हा केवळ सामानाचा विमा पुरतो. दिल्ली परिसर दीर्घकाळ भूकंपप्रवण क्षेत्र चारमध्ये गणला गेला आहे आणि जुलै २०१६ च्या पावसात गुरुग्रामचे रस्ते कसे तुंबले होते हे अनेकांना आठवत असेल. तळमजल्यावर राहणाऱ्यांनी पुराचे कलम डोळ्यांखालून घालावेच. तळघरात उभी असलेली मोटार मात्र गृहविम्यात येत नाही. तिचा दावा वाहनविम्यातूनच करावा लागतो.

सर्वांत महाग पडते ती वर्ज्य बाबींची न वाचलेली यादी. १० फेब्रुवारी २०२२ रोजी गुरुग्रामच्या सेक्टर १०९ मधील एका उंच इमारतीचा काही भाग कोसळून दोन महिलांचा मृत्यू झाला. पुढे आयआयटी दिल्लीच्या पाहणीत तेथील काँक्रीटमध्ये क्लोराइडचे प्रमाण अधिक आढळले. सदोष आराखडा, निकृष्ट साहित्य वा कारागिरी यांमुळे झालेली हानी सामान्य गृहविम्यात वर्ज्य असते. म्हणजे घर राहण्यायोग्य न उरताही कर्जाचे हप्ते चालू राहू शकतात. हप्ता कितीही वाढविला तरी हा धोका विमापत्राने टळत नाही. घर घेण्यापूर्वी संरचना अभियंत्याकडून तपासणी करून घेणे हाच त्यावरील उपाय.

कर्जदार ग्राहकांची एक नेहमीची गल्लत येथे नोंदवावीशी वाटते. कर्ज घेताना काढलेला विमा पुष्कळदा कर्जदाराच्या जीवनाचा असतो, घराचा नव्हे. आपल्या कागदपत्रांत नेमका कोणता विमा आहे हे शाखेत विचारून घ्यावे. सहकाऱ्यांनीही ते न कंटाळता समजावून सांगावे. तारण घराचा विमा बँकेमार्फतच घेतला पाहिजे असे बंधन नाही. दुसऱ्या कंपनीचे विमापत्र आणल्यास त्यावर बँकेच्या हिताची नोंद करून घ्यावी लागते. हप्ता कर्जात मिळवून घेतल्यास त्यावर व्याज चढते, हेही तुलना करताना धरावे. दीर्घ मुदतीच्या ‘भारत गृह रक्षा’ विमापत्रात वास्तूची विमारक्कम दरवर्षी १० टक्क्यांनी वाढते, ही सोय बदलीच्या नोकरीतील माणसास विशेष उपयोगी पडते.

सामानाची छायाचित्रे, खरेदीच्या पावत्या आणि विमापत्राची प्रत पुण्याच्या कपाटात ठेवून चालणार नाही. घर तेथे असले, तरी हे कागद मानेसरच्या बिऱ्हाडी हवेत.