बांधावरची सायकल

दिवाळीच्या सुट्टीत अलिबागला जायचे म्हटले, की शहाणा माणूस आधी मोटारींच्या रांगांचा विचार करतो आणि मग घरीच फराळ करीत बसतो. आम्ही दोघे मित्र मात्र गेल्या वर्षी भाऊबीज आटोपताच सायकली घेऊन निघालो. वयाची पन्नाशी दोघांनीही ओलांडलेली. घरच्या मंडळींनी “हे काय खूळ!” म्हणून कपाळाला हात लावला. पण खूळ म्हणावे असे त्यात काही नव्हते. जिथे मोटार जाऊच शकत नाही अशा वाटेने तीन दिवस हिंडायचे, एवढाच आमचा बेत होता.

अशी वाट रायगडच्या किनाऱ्यावर आहे का? आहे; पण ती नकाशात शोधू नका. ती आहे खारेपाटात.

अलिबाग तालुक्याचा समुद्राकडचा अंगरखा सर्वांच्या परिचयाचा आहे: नारळी-पोफळी, वाळू आणि बंगले. त्याच तालुक्याला पूर्वेकडे, धरमतरच्या खाडीच्या अंगाला, एक अस्तर आहे. हाशिवरे, माणकुळे, शहापूर, चरी ही गावे तिकडची. येथली शेती भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली वसलेली आहे. मग ती बुडत कशी नाही? तर पूर्वजांनी खाडीच्या कडेने मातीचे लांबच लांब बांध घातले, खाडीच्या बाजूने दगड रचले, आणि खाजणाची भातशेती केली. बांधात ठिकठिकाणी उघाड्या बसवल्या. उघाडीची झडप मोठी गमतीची असते. ओहोटी लागली की आतल्या पावसाच्या पाण्याच्या दाबाने ती बाहेर उघडते. भरती आली की खाडीचे पाणीच तिला घट्ट मिटून टाकते. ना यंत्र, ना वीज!

या बांधांचा माथा म्हणजेच आमचा रस्ता. पावसाळ्यात तेथे चिखलाशिवाय काही नसते. पण दिवाळीच्या सुमारास भात कापणीला आलेले असते, माती वाळून कडक झालेली असते, आणि सायकलीचे चाक सुखाने धावते. एका हाताला सोनेरी शेत, दुसऱ्या हाताला तिवरांची दाट हिरवी झाडी, समोर कनकेश्वराचा डोंगर, आणि कानाला फक्त साखळीची करकर.

अशा भटकंतीची तयारी अगदी साधी असते. अरुंद चाकांची शर्यतीची सायकल नको; रुंद टायरची बरी, आणि हवा नेहमीपेक्षा थोडी कमी ठेवावी, म्हणजे मऊ मातीत चाक रुतत नाही. जवळ पंप, दोन ट्यूब आणि पाना असावा. पाणी भरपूर घ्यावे, कारण बांधावर सावली नसते. आणि घड्याळाबरोबरच पंचांग पाहावे. आपल्या किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा आहे: तिथीची पाऊणपट करावी, तेवढ्या वाजता भरती. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास. घटका-दोन घटकांचा फरक पडतो, पण हिशोब चुकत नाही.

आम्ही निघालो तो दिवस चतुर्थीचा. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो बोट २०२० साली सुरू झाली, तेव्हापासून सायकलवाल्यांची मोठी सोय झाली आहे. सायकल थेट बोटीत चढवावी आणि तासाभराने मांडव्याला उतरावे. आम्ही उतरलो, समुद्राकडे पाठ केली आणि खाडीकडे वळलो. ओहोटीची वेळ होती. दोन-अडीच तास आम्ही बांधावरून चाललो होतो. एवढ्या वेळात माणूस म्हणून भेटला नाही! बगळे, खंड्या आणि चिखलातली हजारो खेकडी, एवढीच सोबत. मित्र तर आनंदाने मोठ्याने गाऊ लागला.

बांध उतरून गावात शिरलो तेव्हा एका ओटीवर एक म्हातारेबाबा दोरी वळीत बसले होते. आम्हांला पाणी मिळाले, गूळ मिळाला. मग बाबांनी विचारले,

“पावणे, बांधावरून आलात म्हणता. खांड दिसली का कुठं? पाणी झिरपताना दिसलं?”

आम्ही एकमेकांकडे पाहिले. खांड म्हणजे बांधाला पडलेले भगदाड, हेही आम्हांला तेव्हाच कळले.

“नाही बाबा,” मी म्हणालो, “आम्ही आपले चाकाखाली बघत होतो.”

बाबा हसले. रागावले नाहीत. पण पुढे जे म्हणाले ते अजून माझ्या कानात आहे. “पूर्वी आम्ही शाळेला जायचो त्या बांधावरून, लग्नाची वऱ्हाडं त्या बांधावरून. दिवसातून शंभर माणसं पाय टाकायची. कुठं खेकड्याचं बीळ ओलं दिसलं, की जाणारा माणूस चिखलाचा गोळा घालून पायानं दाबून पुढं जायचा. आता डांबरी सडक झाली, रिक्षा झाली. सडक चांगलीच झाली हो! पण बांधावर जातं कोण? आणि खांड दिसणार कोणाला?”

हे ऐकले आणि आमच्या सहलीचा रंगच बदलला. एका बिळातून पाणी वाहू लागते, माती सुटते, आणि एखाद्या उधाणाला बांध फुटतो. खारे पाणी एकदा शेतात शिरले, की ते वर्ष तर गेलेच. पुढेही माती गोडी होईपर्यंत भात येत नाही. वर्षानुवर्षे खांड तशीच राहिली तर शेतात तिवर उगवते आणि शेत पुन्हा खाजण होते. या मुलुखात असे झालेले शेकडो एकर पाहायला मिळतात. १९४८ साली मुंबई राज्यात खारजमिनींचा कायदा झाला, १९७९ साली महाराष्ट्राने नवा केला, आणि बांधांची निगा सरकारी खात्याने पाहावी असे ठरले. चांगलेच ठरले. पण कायद्याला पाय नसतात. पाहणी करायला माणूसच लागतो.

आणि ही जमीन काही फुकट मिळालेली नाही. याच खारेपाटातल्या चरी गावी १९३३ साली नारायण नागू पाटलांच्या पुढारीपणाखाली कुळांनी खोतांविरुद्ध संप पुकारला. १९३९ पर्यंत सहा वर्षे त्यांनी जमिनी कसल्या नाहीत, हाल सोसले. ज्या शेतासाठी एवढे सोसले, ते खेकड्याच्या बिळापायी जावे?

दुसरा दिवस आम्ही किनाऱ्याकडे काढला. अक्षी, नागाव, चौल. हमरस्ता टाळून वाड्यांमधल्या गल्ल्यांतून गेलो, तर चौलपर्यंत पोफळींची सावली काही सुटत नाही. अक्षीचा शिलालेख पाहिला. शके ९३४, म्हणजे इसवी सन १०१२ चा हा लेख मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत गणला जातो. तो बराच काळ रस्त्याच्या कडेला उन्हापावसात उभा होता, आणि शेजारून माणसे वाहनांतून भुर्रकन जात होती! सायकलवाल्याला दगड दिसतो, मोटारवाल्याला फक्त वळण दिसते.

रात्री चौलला मुक्कामी मित्राने इटलीची हकीकत सांगितली. तेथे टस्कनी प्रांतात किआंती म्हणून द्राक्षमळ्यांचा डोंगराळ मुलूख आहे. तिथले पांढऱ्या खडीचे जुने गाडीरस्ते एकामागून एक डांबराखाली जात होते. १९९७ साली गायोले गावच्या जानकार्लो ब्रोच्ची या गृहस्थाने ब्याण्णव सायकलवाले जमवले आणि जुन्या सायकलींवरून त्या खडीवरून फेरी काढली. तिचे नाव ‘एरोइका’. आज जगभरातून हजारो माणसे तेथे येतात, आणि त्या रस्त्यांवर डांबर टाकू नका असे लोकच म्हणतात. ज्या रस्त्याचा कोणालाच उपयोग उरला नव्हता, तो पुन्हा कोणाच्या तरी उपयोगाचा झाला म्हणून वाचला.

“आपल्याकडे तर वाट वाचली तर शेत वाचेल,” मित्र म्हणाला. मला एकदम ओटीवरचे बाबा आठवले.

तिसऱ्या दिवशी, षष्ठीला, मुद्दाम त्याच बांधाने परतलो. साडेचारला भरती, आम्ही तीनच्या सुमारास बांधावर. या वेळी गाणे नव्हते. एक जण खाडीच्या अंगाला पाहत होता, दुसरा शेताच्या. अर्ध्या वाटेवर शेताच्या बाजूला वीतभर माती काळी ओली दिसली, आणि मधोमध करंगळीएवढी धार. सायकली आडव्या टाकल्या, चिखलाचे गोळे केले, पायांनी दाबले. धार थांबली असे वाटले, पण आमच्या हातांवर आमचा विश्वास थोडाच! तडक बाबांचे घर गाठले. बाबांनी जागा विचारली, “दुसऱ्या उघाडीच्या अलीकडं का पलीकडं?” आणि दोन पोरांना फावडी देऊन धाडले. आमच्याकडे वळून म्हणाले, “आता वालाच्या शेंगा आल्या की पोपटी खायला या. येताना बांधावरूनच या.”

रेवसपासून रेडीपर्यंत सागरी महामार्ग आणि खाड्यांवर पूल होऊ घातले आहेत. त्याबद्दल नाक मुरडण्याचा आम्हां शहरवाल्यांना अधिकार नाही. रात्री-अपरात्री आजारी माणसाला घेऊन तरीची वाट पाहणे काय असते, ते त्या गावांनाच ठाऊक. पूल व्हावेत. पण मोटारींची वाट रुंद झाली, की पायांची वाट आणखी ओस पडते, हेही ध्यानात असावे.

तेव्हा वाचकहो, या दिवाळीनंतर सायकल बाहेर काढा. खारेपाटात जा, पीक उभे असेल तर शेतात उतरू नका, गावात विचारून बांधावर चढा. मजा तर येईलच. पण नजर दोन्ही अंगांना असू द्या, आणि ओली माती दिसली तर पहिल्या ओटीवर थांबून सांगा. पाणी मिळेल, गूळ मिळेल, आणि कोणाचे तरी भात वाचेल.