पावसाचा हिशेब आणि गटाराचे माप

गटार किती रुंद असावे, हे पावसाच्या हिशेबावर ठरते. मुंबईची जुनी पावसाळी गटारे तासाला २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेतील अशा बेताने बांधलेली होती. तेही समुद्राला ओहोटी असेल तर. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, आणि कुलाब्यास अवघा ७३! शेकडो माणसे प्राणांस मुकली.

दोन वेधशाळांच्या आकड्यांवरून साऱ्या शहराचा पाऊस कळत नाही, हे त्या दिवसाने दाखविले. शिवाय दिवसाची बेरीज येथे अपुरी पडते. गटार तुंबते ते अर्ध्या तासाच्या सरीने. म्हणून पुढे महापालिकेने मुंबईच्या आयआयटीतील संशोधकांच्या साह्याने ठिकठिकाणी स्वयंचलित पर्जन्यमापके बसविली.

हे सहकार्य आम्हांस मोलाचे वाटते. कोणता नाला कोठे गाळाने भरतो, हे पालिकेच्या अभियंत्यास ठाऊक असते. तशी सर किती वर्षांनी पुन्हा येईल, याचे गणित विद्यापीठात मांडले जाते. नाला एकाकडे आणि गणित दुसऱ्याकडे, अशी फारकत राहिली, तर पाणी दोघांच्याही घरांत सारखेच शिरेल.