एक कोयता म्हणजे माणसे किती?

दिवाळीच्या सुमारास बेळगाव जिल्ह्यातील साखर कारखाने सुरू झाले, की आमच्या शिवारात ऊसतोड मजुरांच्या खोप्या उभ्या राहतात. पुष्कळसे मजूर बीडकडचे. गेल्या हंगामात एका मुकादमाची वही मला पाहायला मिळाली. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी, तेव्हा हिशेबाकडे नजर जाणारच! ‘कोयते’ या रकान्याखाली सगळी नावे पुरुषांची होती.

या धंद्यात एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. हंगामापूर्वीची उचल बहुधा नवरा घेतो. मजुरी टनावर, तीही जोडीची. बाई ऊस तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहते. त्याआधी पहाटे उठून पाणी, भाकऱ्या, लेकरे हे सारे तिचेच. “मावशी, तुमचा हिशेब कोण ठेवतं?” मी एकीला विचारले. ती हसली. “माझा कशाचा आलाय हिशोब? समदं मालकाच्या नावावर हाय.” तिची आठ-नऊ वर्षांची मुलगी धाकट्याला कडेवर घेऊन खोपीपाशी उभी होती.

घरकामाला मोल नाही, हे केवळ खोपीतच नव्हे. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत असे काम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे वेळ जातो, पुरुषांचा ८८ मिनिटे, असे आढळले. मात्र स्थलांतरित बाईच्या बाबतीत ही बिनमोल सेवा आणि कायद्याचे हक्क यांची गाठ पडते.

बीडचा मजूर कोल्हापूरला गेला तर राज्यातच राहतो. बेळगावला आला, की आंतरराज्य स्थलांतरित ठरतो. त्यासाठीचा १९७९ चा कायदा आता राहिला नाही. त्याची जागा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने घेतली असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. असे दहा वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला त्यातील स्थलांतरितांविषयीच्या तरतुदी लागू होतात. जाण्यायेण्याचे भाडे, मोफत वैद्यकीय तपासणी, कामाच्या ठिकाणी शिधा घेण्याची सोय या गोष्टी त्यांत येतात. पन्नासांहून अधिक कामगार असतील तेथे सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघराचीही तरतूद आहे.

आता साधे गणित करू. समजा, एके ठिकाणी तीस कोयते आहेत. माणसे मोजली तर साठ. पाळणाघराचा प्रश्न उभा राहतो. वहीतली नावे मोजली तर तीस, प्रश्नच मिटला! मग लेकरू सांभाळायला ती आठ वर्षांची पोर उरते, आणि तिची शाळा बुडते.

गंमत अशी, की २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने शिधापत्रिकेसाठी घरातील ज्येष्ठ स्त्रीलाच कुटुंबप्रमुख मानले आहे. धान्याच्या कागदावर जी प्रमुख, ती मजुरीच्या वहीत नाहीच.

जमाखर्चात एक नोंद राहिली, तर आपले प्राध्यापक सबंध ताळेबंद परत करतात. येथे निम्म्या माणसांची नोंद राहिली आहे. एका कोयत्यापुढे दोन नावे आणि दोघांची वेगळी मजुरी, एवढी सुरुवात तरी व्हावी. कायदा कामगाराला हक्क देतो. पण आधी ती कामगार आहे, हे कुठेतरी लिहिलेले हवे.