बावन्नाव्या वर्षीं घेतलेली नौका

पन्नाशी उलटल्यावर मनुष्यानें नवा उद्योग अंगावर घेऊं नये, असें आपल्या घरांतील वडील मंडळी सांगतात, आणि धाकट्यांनाही तें मनांतून पटलेलें असतें. अशा वयांत कोणी शिडाची नौका विकत घेण्याची गोष्ट काढली, तर माजघरांत काय बोललें जाईल हें आम्हीं वाचकांना सांगावयास नको. म्हणूनच फ्रान्सिस चिचेस्टर या इंग्रज गृहस्थाची हकीकत त्यांच्यापुढें ठेवावीशी वाटते.

यांचा जन्म १९०१ सालचा. तारुण्यांत ते वैमानिक होते. १९३१ सालीं ‘जिप्सी मॉथ’ या लहानशा विमानांतून ते एकटेच न्यूझीलंडहून ऑस्ट्रेलियाकडे टास्मान समुद्रावरून निघाले. वाटेंत जीं बेटें गांठावयाचीं, तीं त्या अफाट पाण्यांत ठिपक्याएवढीं. तेव्हां त्यांनीं एक युक्ति योजिली. नेम थेट बेटावर न धरतां मुद्दाम एका बाजूला धरावयाचा, आणि सूर्याची उंची मोजून आपण बेटाच्या रेषेवर आलों असें ठरलें, कीं निःशंकपणें दुसऱ्या बाजूला वळावयाचें. सरळ गेलेल्यास बेट दिसलें नाहीं, तर तें डावीकडे राहिलें कीं उजवीकडे हें कळत नाहीं. जाणूनबुजून केलेल्या चुकीची दिशा मात्र ठाऊक असते!

पुढें लग्न, एक मुलगा, लंडनांत नकाशांचा धंदा. आणि १९५३ सालीं, बावन्नाव्या वर्षीं, त्यांनीं एक जुनी नौका घेऊन तिला आपल्या विमानाचेंच नांव दिलें. दिशा काढण्याची विद्या जवळ होतीच. शिडें आणि दोर यांचें ज्ञान मात्र नव्यानें मिळवावयाचें होतें. तें त्यांनीं शर्यतींत उतरून मिळविलें.

१९५८ सालीं फुप्फुसाचा कर्करोग असल्याचें निदान झालें. शस्त्रक्रिया करावी असें डॉक्टरांचें मत. पत्नी शीलाबाईंनीं ती होऊं दिली नाहीं. निसर्गोपचार व विश्रांति यांवर भर दिला, आणि ते बरे झाले. त्या निदानाविषयीं पुढें शंकाही घेण्यांत आली. तेव्हां हें उदाहरण पाहून कोणीं डॉक्टरांचा सल्ला झुगारूं नये. १९६० सालीं हाच मनुष्य एकट्यानें अटलांटिक ओलांडण्याच्या शर्यतींत प्लिमथहून न्यूयॉर्कला ४० दिवसांत पहिला पोहोंचला.

२७ ऑगस्ट १९६६ रोजीं ते पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. नौकेचें नांव ‘जिप्सी मॉथ चौथी’. आहार बहुतेक शाकाहारी. मोहरी व हळीम भिजवून त्यांचे कोंब ते नौकेवरच काढीत, पावही स्वतःच भाजीत. पासष्टावा वाढदिवस त्यांनीं भर समुद्रांत ठेवणीतला कोट घालून साजरा केला. (प्रेक्षक कोणी नसतां नीटनेटकें राहणें आमच्या तरी हातून होत नाहीं.)

१२ डिसेंबरला ते सिडनीस पोहोंचले, तेव्हां शरीर वाळलें होतें आणि सुकाणूं आपोआप सांभाळणारें यंत्र वाटेंतच मोडलें होतें. पुढें जाऊं नका, असें जाणत्या लोकांनीं उघडपणें सांगितलें. शीलाबाई तेथें आल्या होत्या. या गोष्टींत आम्हांला सर्वांत कठीण वाटतो तो हाच प्रसंग. वर्षानुवर्षें पथ्यपाणी करून वांचविलेला पती. त्यानें दक्षिणेकडील त्या भयंकर समुद्रांत पुन्हां एकट्यानें जावें कीं नाहीं? बाईंनीं त्यांचीच बाजू घेतली. २९ जानेवारी १९६७ रोजीं नौका सुटली आणि दुसऱ्याच रात्रीं, त्याच टास्मान समुद्रांत, एका लाटेनें ती पार कलंडून टाकली. ती आपोआप सरळ झाली. आंत सगळें सामान अस्ताव्यस्त. त्या रात्रीं कांहीं विपरीत घडतें, तर लोकांनीं शीलाबाईंना काय म्हटलें असतें? त्यांचा निर्णय योग्य होता असें आज म्हणणें सोपें आहे. त्यांच्या जागीं आम्ही असतों, तर बहुधा अडविलें असतें.

२८ मे रोजीं ते प्लिमथला परतले. प्रत्यक्ष प्रवासाचे दिवस २२६. जुलैंत राणी एलिझाबेथ यांनीं त्यांना ग्रिनिच येथें ‘सर’ हा किताब दिला.

गंमत अशी, कीं ही नौका त्यांना कधींच आवडली नाहीं. ती फार मोठी, फार डोलणारी, अशी त्यांची कायमची तक्रार होती. १९७२ सालीं ते वारले. नौका मात्र ग्रिनिच येथें अनेक वर्षें कोरड्या गोदींत लोकांच्या दर्शनासाठीं उभी होती. २००५ सालीं ती दुरुस्त होऊन पुन्हां पाण्यांत उतरली, आणि तिनें दुसरी प्रदक्षिणाही केली.