विमानाचे अंतर आणि विमानाचा वेळ

नगरा ही झाशीतील रेल्वेच्या आसऱ्याने वाढलेली वस्ती. अमुक गाव किती लांब, असे तेथे विचारले की उत्तर बहुधा तासांत मिळते: ग्वाल्हेर दीड तास, भोपाळ चार तास. रुळांवर अंतर आणि वेळ यांची अशी गाठ पक्की असते. विमानाच्या बाबतीत ती सैल पडते. आणि विमानतळ लहान व एकमेकांजवळ असतील, तर सुटतेच म्हणावे.

झाशीची धावपट्टी लष्करी उपयोगाची आहे. त्यामुळे येथील प्रवाशाची नजर उत्तरेस ग्वाल्हेरकडे आणि पूर्वेस खजुराहोकडे जाते. शेजारच्या दतियातील लहान विमानतळाचे उद्घाटनही 31 मे 2025 रोजी झाले आहे.

ग्वाल्हेर आणि खजुराहो यांतील अंतर काढण्यास नकाशा व पट्टी पुरे. ग्वाल्हेरचा विमानतळ खजुराहोच्या उत्तरेस सुमारे दीड अंशावर आहे. अक्षांशाचा एक अंश म्हणजे 111 किलोमीटर. तेव्हा हे झाले 164. रेखांशांत एक अंश एकेचाळीस मिनिटांचा फरक आहे. रेखावृत्ते ध्रुवाकडे जाताना एकमेकांजवळ येत असल्याने या पट्ट्यात रेखांशाचा अंश सुमारे 100 किलोमीटरांचाच भरतो. हे झाले 168. काटकोन त्रिकोणाचा शाळेतला नियम लावला की कर्ण निघतो सुमारे 235 किलोमीटर. ही रेघ झाशीच्या ईशान्येस सुमारे 40 किलोमीटरांवरून जाते. झाशीवरून जाणारी सडक मात्र पावणेतीनशेच्या घरात आहे.

आता वेळ. लहान विमानतळांवर येणारे सत्तर आसनांचे पंख्यांचे विमान ताशी सुमारे 500 किलोमीटर वेगाने जाते. भागाकार सांगतो, अठ्ठावीस मिनिटे. पण भागाकाराला चढण ठाऊक नसते. पंधरा हजार फूट उंची गाठेपर्यंत विमान कमी वेगाने सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर पुढे गेलेले असते. आणि दर हजार फूट खाली येण्यास साडेपाच किलोमीटर लागतात, या वैमानिकांच्या ठोकताळ्याने उतरण ऐंशीच्या पुढे जाते. सपाट, वेगवान उड्डाणास उरतात जेमतेम पंचाहत्तर किलोमीटर! त्यात धावपट्टीपर्यंतचे संथ सरपटणे मिळवले की अठ्ठावीसाची पन्नास मिनिटे सहज होतात. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेचे वारे वाहतात. त्यामुळे खजुराहोकडे जाताना थोडा वेळ वाचतो आणि परतताना त्याहून थोडा अधिक जातो.

नगऱ्याच्या रहिवाशाने खजुराहोला जाण्यासाठी ग्वाल्हेरहून विमान धरायचे म्हटले, तर तेथपर्यंत दोन तास, उड्डाणापूर्वीचा तास-दीड तास, मग ही पन्नास मिनिटे. तेवढ्यात सरळ सडकेने निघालेला शेजारी पावणेदोनशे किलोमीटर तोडून देवळांपाशी पोहोचलेला असतो.

झाशीतील मराठी घरांपैकी कोणाला मुंबई गाठायची असेल, तर मात्र हिशेब पालटतो. रुळांनी हे अंतर अकराशे किलोमीटरांहून अधिक; रात्र गाडीतच जाते. ग्वाल्हेरहून मुंबई सरळ रेषेत सुमारे 970 किलोमीटर. जमिनीवरचा खोळंबा येथेही तेवढाच, पण आता तो लांब उड्डाणावर वाटला जातो. जेट विमानाला दोन तास पुरतात. अर्थात त्या दिवशी विमान असले पाहिजे आणि धावपट्टी दिसली पाहिजे. पौषातले धुके ग्वाल्हेरवर बसले, की नगऱ्याच्या माणसाला पुन्हा स्टेशनचीच वाट धरावी लागते.